मूळ आवाज राखला पाहिजे

दिवाळी सरली की भंडारा-गोंदियाच्या मुलखात गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये किंवा एखाद्या मंडळाचे नाटक, असा हा क्रम या झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि ज्या तुमसर तहसिलीत चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव वसले आहे ती तहसीलही याच मुलखातली. अलीकडे या क्रमात एका गोष्टीची भर पडली आहे. रंगमंचासमोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या हातांत मोबाइल उंचावलेले असतात, आणि दुसरा दिवस मावळण्यापूर्वी त्यांतील चित्रफिती कापूनछाटून, त्यांवर नावे चढवून, गावच्या गटांत व परगावी गेलेल्या नातलगांकडे रवाना होतात. या चित्रफितींत नाचणाऱ्यांचे पाय दिसतात, ढोलकीवर पडणारी बोटे दिसतात, गाणाऱ्याचे ओठ हलताना दिसतात. परंतु ऐकू येते ते बहुधा कुठल्याशा चित्रपटातील गाणे किंवा सॉफ्टवेअरच्या भांडारातील आयते संगीत. ज्या आवाजासाठी माणसे थंडीत रात्रभर जागली, तो आवाज संपादनाच्या पहिल्याच पायरीवर गाळला गेलेला असतो. माझे म्हणणे असे आहे की ही केवळ अभिरुचीची चूक नसून एका प्रदेशाच्या स्मृतीची हानी आहे. आणि ज्या सोप्या साधनांनी ही हानी होते, त्याच साधनांनी ती टाळता येण्याजोगी असल्यामुळे तिच्याविषयी मौन धरणे योग्य नव्हे.

प्रथम या साधनांचे ऋण मान्य केले पाहिजे. ध्वनिफितीचे संपादन म्हणजे पाते घेऊन चुंबकीय फीत तिरकी कापणे आणि चिकटपट्टीने जोडणे असा एक काळ होता. ते काम आकाशवाणीच्या किंवा चित्रपटाच्या कलागृहाबाहेर कुणाच्या आवाक्यातले नव्हते. आज ओपनशॉट आणि शॉटकट यांसारखी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात, विंडोजच्या नव्या संगणकावर क्लिपचॅम्प आयतेच असते, मोबाइलवर काईनमास्टर, इनशॉट, व्हीएन ही नावे दहावीतल्या मुलालाही पाठ असतात, आणि केवळ आवाजासाठी असलेले ऑडॅसिटी तर 2000 सालापासून कुणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. खेड्यातल्या मुलाने कुणाच्या परवानगीवाचून, कुणाच्या शिफारशीवाचून, स्वतःच्या गावाची चित्रफीत तयार करावी, ही घटना ज्ञानाच्या इतिहासात लहान नाही. परंतु नवशिक्यांसाठी रचलेल्या साधनाचा एक स्वभाव असतो: ते सर्वांत सोपी वाट सर्वांत पुढे ठेवते. क्लिप आत घेतली की ‘म्यूट’ची खूण बोटाखाली येते, तिच्या शेजारीच संगीताचे भांडार उघडते, आणि शिकवणाऱ्या बहुतेक चित्रफिती कापणे, जोडणे, अक्षरे चढवणे, संक्रमणे घालणे या क्रमाने जाऊन शेवटी ‘आता गाणे टाका’ असे सांगून थांबतात. ऐकणे ही संपादनाची पहिली क्रिया आहे, हे त्या क्रमात कुठेच येत नाही.

चिखल्यासारख्या गावाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण या गावाच्या भूगर्भाची नोंद जितक्या काटेकोरपणे झाली तितकी त्याच्या माणसांच्या वाणीची झालेली नाही. मध्य प्रांतात मँगनीजचा शोध घेण्यासाठी 1896 साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाले. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून जाणाऱ्या खनिजपट्ट्याचे तपशीलवार वर्णन लुईस ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने 1909 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या बृहद्‌ग्रंथात केले. पुढे त्या सिंडिकेटच्या उत्तराधिकारी कंपनीची मालमत्ता घेऊन 1962 साली आजची ‘मॉइल’ ही खाणकंपनी आकाराला आली, आणि 1977 साली ती केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील संपूर्ण सरकारी मालकीची कंपनी झाली. या सव्वाशे वर्षांच्या व्यवहारात खनिजाची प्रत, थरांचा कल, शिरांची खोली, मालाचे वजन यांची दप्तरे भरली. परंतु भूमिगत खाणीत उतरणाऱ्या पहिल्या पिढ्यांतील माणसे कोणत्या बोलीत एकमेकांना सावध करीत, पाळी संपवून वर आल्यावर काय गात, खनिज वेचणाऱ्या बाया कामाच्या लयीत काय म्हणत, हे त्यांच्याच आवाजात ऐकायचे म्हटले तर हाती काय लागणार? ज्यांनी ते ऐकले तेही आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या मुलाखती घेण्याचे साधन त्यांच्या नातवंडांच्या खिशात आहे, आणि ती नातवंडे चित्रफितीतील आवाज बंद करायला शिकत आहेत.

या प्रदेशाचे आणि आवाजाचे एक जुने नातेही येथे सांगण्याजोगे आहे. तुमसर तहसिलीतीलच डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून निघणारे डायऑक्साइड प्रतीचे मँगनीज विजेच्या कोरड्या सेलसाठी वापरले जाते, आणि त्याच ठिकाणी मॉइलने विद्युत्‌विश्लेषणाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड करण्याचा कारखानाही उभारला. कोरड्या सेलच्या पोटातील काळी भुकटी ती हीच. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत ट्रान्झिस्टर बोलू लागला आणि पुढे कॅसेटचे टेपरेकॉर्डर फिरू लागले ते अशा सेलांच्या बळावर. देशाच्या कानाशी आवाज नेणाऱ्या वस्तूला ज्या मातीने द्रव्य पुरवले, त्या मातीचा स्वतःचा आवाज संग्रहात सहजी सापडू नये, ही विसंगती दूर करण्याचे उत्तरदायित्व आजच्या पिढीवर आले आहे.

हा आवाज म्हणजे केवळ गाणी नव्हेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांची झाडीबोली ही मराठीची स्वतंत्र छटा असलेली बोली आहे; साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले आणि तिची साहित्यसंमेलनेही भरू लागली. तिच्यात ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. तिचे हेल, तिच्यातील स्वरांची लांबी आणि वाक्याअखेरचा उतार हे कागदावर उतरत नाहीत. शिवाय मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्यामुळे आणि खाणींवर नाना ठिकाणांहून कामगार आल्यामुळे या परिसरात पोवारी, गोंडी आणि हिंदी यांचीही सरमिसळ आहे. एकाच संभाषणात तीन भाषांचे धागे विणले जाताना ऐकणे हे येथे नित्याचे आहे, आणि त्या विणीचा पुरावा ध्वनीखेरीज दुसरा कोणता असू शकत नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली निघाला, त्यात नागपुरी आणि वऱ्हाडी बोलींचे छापील नमुने आले. तरीही लिपी अपुरी पडते हे जाणून त्या सर्वेक्षणाच्या उत्तरकाळात निरनिराळ्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या मुद्रित करण्यात आल्या. आपल्या काळात पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले तेव्हाही प्रत्यक्ष बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण हाच त्याचा पाया राहिला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की भाषेचे प्राचीनत्व शिलालेखांनी सिद्ध होते, पण तिचे जिवंतपण बोलणाऱ्यांच्या कंठातच असते.

काळजीपूर्वक राखलेल्या मूळ आवाजाने काय साध्य होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात मुद्रित झाल्या, आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या जगासमोर ठेवण्यास आरंभ केला. त्या ध्वनिमुद्रणांत जात्याची घरघर आहे, मधेच बोलणारी शेजारीण आहे, एखादी ओवी विसरून पुन्हा धरणे आहे. कुणी ती घरघर पुसून तिच्याजागी बासरी घातली असती तर ओवी आणि श्रम यांचा संबंधच तुटला असता. आणखी एक गोष्ट त्या संग्रहाने शिकवली: प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ज्याचा आवाज त्याचे नाव, हा नियम मंडईच्या चित्रफितीलाही लागू व्हावा.

‘आयत्या संगीताशिवाय चित्र रंगत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी मराठी चित्रपटाचाच इतिहास पाहावा. 1932 साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट केला, तेव्हा ध्वनिमुद्रण ही इतकी अवघड बाब होती की गाणे, वाद्ये आणि अभिनय एकाच वेळी, एकाच ठिकाणी मुद्रित करावे लागत. एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढण्याची सोय नव्हती. अवघ्या पाच वर्षांनी, 1937 साली, त्याच कंपनीचा व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ आला, आणि त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून प्रसंगातूनच निघणाऱ्या आवाजांवर भिस्त ठेवण्यात आली. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना दिग्दर्शकाने हा संयम पाळला, कारण आवाजाचा उगम प्रेक्षकाला दिसला की प्रसंगाची सत्यता दुणावते, हे त्याने ओळखले होते. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने संपादन केलेली ही जाण, आज साधने विनामूल्य मिळत असताना, आपण सोडून द्यावी काय?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कारण केवळ उपदेशाने आवाज राखला जात नाही, त्यासाठी हाताला वळण लागावे लागते. पहिली गोष्ट मुद्रणाच्या वेळची. आवाज एकदा फाटला की कोणतेही सॉफ्टवेअर तो पूर्ववत करू शकत नाही, कारण मोबाइलच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या लाटांचे माथे कापलेच जातात आणि कापलेला भाग नोंदला गेलेलाच नसतो. म्हणून डीजेच्या बॉक्सपुढे उभे न राहता बाजूला, गाणाऱ्याच्या जवळ उभे राहावे. मोबाइलचा मायक्रोफोन तळहाताखाली झाकला जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यावर त्याच जागी, कुणी बोलत नसताना, दहापंधरा सेकंदांचा नुसता परिसराचा आवाज मुद्रित करून ठेवावा. हा निरुपयोगी वाटणारा तुकडा पुढे दोन ठिकाणी कामी येतो: कापलेल्या जागी पोकळी भरण्यासाठी, आणि सॉफ्टवेअरला ‘ही घरघर नको’ असे दाखवून देण्यासाठी.

दुसरी गोष्ट संपादनाच्या आरंभीची. मूळ फाइलला हात लावण्यापूर्वी तिची प्रत वेगळ्या जागी, दिनांक, गाव आणि कलावंतांची नावे घालून जतन करावी. मग कानाला इअरफोन लावून, पडद्याकडे न पाहता, ती एकदा संपूर्ण ऐकावी. नंतर आवाज चित्रापासून सुटा करावा. जवळजवळ सर्व सॉफ्टवेअरमध्ये त्याची आज्ञा असते, आणि ती दिली की टाइमलाइनवर चित्राखाली आवाजाची स्वतंत्र पट्टी येते. येथेच नवशिक्याच्या हाती खरी सत्ता येते, कारण आता चित्र बदलले तरी आवाज अखंड ठेवता येतो. तीन मित्रांनी तीन बाजूंनी एकच दंडार टिपली असेल, तर ज्याचा आवाज सर्वांत स्वच्छ त्याची ध्वनिपट्टी आरंभापासून अखेरपर्यंत तशीच राखावी आणि वर चित्रे आळीपाळीने बदलावीत. तिन्ही फिती जुळवण्यासाठी आरंभी सर्वांसमोर एक मोठी टाळी वाजवली, की प्रत्येक पट्टीवर तिचा टोकदार उंचवटा दिसतो आणि ते उंचवटे एका रेषेत आणले की काम होते. बोलणे कापायचे असेल तर श्वासाच्या जागी कापावे, गाणे कापायचे असेल तर समेवर कापावे. आणि प्रत्येक कापाच्या दोन्ही टोकांना सेकंदाच्या काही अंशाचा चढ-उतार द्यावा, म्हणजे ‘टक्’ असा आवाज येत नाही.

तिसरी गोष्ट पातळीची. बोलणारा कधी हळू, कधी मोठ्याने बोलतो. त्याचे हळू बोलणे वर आणावे आणि मोठे बोलणे थोडे खाली न्यावे, पण मीटर शून्य डेसिबलच्या रेषेला टेकू देऊ नये. उंचवटे उणे सहाच्या आसपास राहिले तर सामान्यतः सुरक्षित. यूट्यूबसारखी माध्यमे फार मोठा आवाज स्वतःहून कमी करतात, तेव्हा सगळे कर्कश करून काही पदरात पडत नाही. खाली संगीत घालायचेच असेल, तर ते बोलण्यापेक्षा निदान 20 डेसिबल खाली असावे, अशी जागतिक वेब संघाच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील एक कसोटी आहे. ऐकू कमी येणाऱ्यांना बोलणे समजावे हा तिचा हेतू. खेड्यात चित्रफीत पाहणाऱ्यांत वृद्ध किती असतात याचा विचार केला, तर ही कसोटी आपल्यासाठीच केली असे वाटते. आणि शेवटी तयार चित्रफीत ज्या मोबाइलवर लोक पाहणार, त्याच्याच छोट्या स्पीकरवर ऐकून पाहावी. तेथे ढोलकीचा खर्ज क्षीण होतो, म्हणून खर्जावर अवलंबून राहणारे मिश्रण फसवे ठरते.

आता आक्षेपांचा परामर्श घेतला पाहिजे, कारण ते निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा, की मूळ आवाज ऐकवणार कसा. जनरेटरची घरघर, वाऱ्याचा फूत्कार, मागे रडणारे मूल आणि शेजारच्या मंडपातील दुसरेच गाणे, हे सारे त्यात असते. हे खरे आहे, आणि याचसाठी संपादन आहे. सुमारे 80 ते 100 हर्ट्‌झच्या खालचा भाग गाळणारी गाळणी लावली की वाऱ्याची व यंत्राची बरीचशी गुरगुर जाते आणि माणसाचे बोलणे जवळजवळ जसेच्या तसे राहते. परंतु ढोलकीच्या मुद्रणाला ही गाळणी जपून लावावी, कारण तिचा खर्ज त्याच प्रदेशात नांदतो. ऑडॅसिटीत घरघरीचा निव्वळ तुकडा निवडून तिचा नमुना घ्यावा आणि मग तो संपूर्ण ध्वनीवर लावावा. थोडे दोनदा करणे हे पुष्कळ एकदा करण्यापेक्षा बरे, कारण अतिरेक झाला की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

याच ठिकाणी एका नव्या प्रलोभनापासून सावध करणे माझे कर्तव्य समजतो. आता एका बोटाने ‘आवाज शुद्ध’ करणाऱ्या स्वयंचलित सोयी आल्या आहेत. त्यांना बहुधा बोलणे राखायला आणि बाकी सारे टाकायला शिकवलेले असते. त्यांच्या लेखी ढोलकी हा गोंगाट, खंजिरी हा गोंगाट, आणि भजनातल्या टाळांची किणकिण तर सर्वांत मोठा गोंगाट. शिवाय ‘स’ आणि ‘च’ यांसारख्या व्यंजनांची ओळख ज्या उच्च कंपनांत असते, तीच कंपने कठोर शुद्धीकरणात प्रथम झिजतात; बोलीच्या बाबतीत ही झीज म्हणजे पुराव्याचाच नाश होय. म्हणून अशी सोय वापरावी, पण तिच्या प्रतीसोबत मूळ प्रतही ठेवावी आणि शुद्ध केलेला आवाज मूळ आवाजाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

दुसरा आक्षेप असा, की लोकांना गाणेच हवे असते. लग्नाच्या चित्रफिती करणाऱ्या व्यावसायिकाला ग्राहकाची मर्जी राखावी लागते, हे मान्य. पण त्या ग्राहकाला वीस वर्षांनी काय हवे असेल, हे व्यावसायिकानेच आज त्याला सांगावयास हवे. मंगलाष्टके कुणी म्हटली, आजीने नवरीला निरोप देताना काय म्हटले, सनईवाल्याने कोणती धून धरली, हे सारे चित्रपटातील गाण्याखाली गाडले गेले, तर वीस वर्षांनी तेच गाणे इतर हजारो लग्नांवर सापडेल आणि आजीचा आवाज मात्र कुठेच सापडणार नाही. तीन मिनिटांची गाणे घातलेली चित्रफीत खुशाल द्यावी; तिच्यासोबत संपूर्ण मूळ आवाजाची एक प्रत द्यावी, एवढीच मागणी आहे, आणि तिच्यासाठी स्वतंत्र श्रम जवळजवळ काहीच नाहीत.

तिसरा विचार कायद्याचा. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) अधिनियम 1957 चा आहे, आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून उसने गाणे घातलेली चित्रफीत जाहीर माध्यमावर टाकली की हक्कदाराचा दावा येतो, कधी आवाज बंद होतो, कधी चित्रफीतच उतरते. मूळ आवाजाच्या चित्रफितीला हे भय पुष्कळ कमी. परंतु त्याच अधिनियमाने सादरकर्त्यालाही त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिलेला आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने त्याच्या नावाच्या उल्लेखाचा हक्कही स्पष्ट केला. तेव्हा दंडारीतील गायकाची संमती घेणे आणि त्याचे नाव लिहिणे हा शिष्टाचार तर आहेच, तो कायदाही आहे. झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेसाठी परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. त्या रंगभूमीच्या अनाम गायक-वादकांची नावे आपल्या चित्रफितीत लिहिणे हा त्या आनंदाचा पुढचा टप्पा ठरावा.

हे सर्व एकेकट्या तरुणाच्या उत्साहावर सोडून भागणार नाही. संस्थांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांत संगणकाच्या तासाला चित्रफितीचे संपादन शिकवावयाचे असेल, तर पहिला पाठ आवाजाचा असावा: आजी किंवा आजोबांची दहा मिनिटांची मुलाखत त्यांच्याच बोलीत घेणे, ती श्वासाच्या जागी कापून पाच मिनिटांवर आणणे, आणि मूळ प्रत सुरक्षित ठेवणे. सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 पासून महाराष्ट्रात आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये खेडोपाडी पोहोचली आहेत. त्यांच्या कपाटात पुस्तकांच्या शेजारी गावच्या आवाजाची एक हार्डडिस्क आणि तिची हस्तलिखित सूची ठेवण्यास फारसा खर्च लागत नाही. मंडईच्या आयोजकांनी पत्रिकेवर पाहुण्यांची नावे छापावीतच, पण सादर होणाऱ्या कलावंतांची यादी मुद्रण करणाऱ्या मुलांच्या हाती आधी द्यावी. आणि कंपनी अधिनियम 2013 अन्वये मोठ्या नफ्यातील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावयाची असल्याने, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी चालवणाऱ्या मॉइलने त्या रकमेतील एक लहानसा हिस्सा खाणकामगारांच्या मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणासाठी आणि गावातील मुलांना हे संपादन शिकवण्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. ज्या कंपनीकडे खनिजाच्या प्रत्येक टनाची नोंद आहे, तिने ते खनिज काढणाऱ्यांच्या शब्दांचीही नोंद ठेवणे तिच्या परंपरेला साजेसेच होईल.

आणि ज्यांच्या हाती आज मोबाइल आहे, त्या चिखल्याच्या, तुमसरच्या, साकोलीच्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे: येत्या मंडईत चित्रफीत अवश्य काढा, हवी तशी कापा, हवी तशी सजवा, परंतु ‘म्यूट’च्या खुणेवर बोट ठेवण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, तिच्यावर गाव, दिनांक आणि गाणाऱ्यांची नावे लिहा, आणि निदान एक चित्रफीत अशी करा की तिच्यात तुमच्याच गावाचा आवाज आरंभापासून अखेरपर्यंत ऐकू येईल.